शटडाऊनचं काम धरायचं की सोलरचं?

वीजकेंद्राच्या गेटबाहेर बारा-पंधरा वेल्डर-फिटर सांभाळणाऱ्या विदर्भातल्या ठेकेदाराला सध्या हाच प्रश्न छळतोय. मी दोन्हीकडे हात पोळून घेतलेत, म्हणून लिहितो.

शटडाऊनचं, म्हणजे वीजसंच बंद असताना बॉयलर दुरुस्त करायचं, काम आधी घेऊ. बॉयलरमधली पाण्या-वाफेची नळी, म्हणजे ट्यूब, फुटली की युनिट (वीज बनवणारा अख्खा संच) बंद. भट्टी निवेपर्यंत थांबायचं, आत शिरायचं, फुटका तुकडा कापून नवा बसवायचा. ट्यूबा एकमेकींना इतक्या खेटून असतात की मागची बाजू दिसतच नाही. वेल्डर आरसा लावतो आणि त्यात बघून वेल्डिंग मारतो. एक्स-रेमध्ये जॉइंट नापास झाला की परत कापा. 500 मेगावॉटचं युनिट तासभर बंद म्हणजे 5 लाख युनिट (किलोवॉट-तास) वीज गेली, त्यामुळे साहेबांचे फोन थांबत नाहीत. पण असा आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) परीक्षा पास वेल्डर रातोरात तयार होत नाही, म्हणून उद्या कोणीही उठून तुमचा दर पाडू शकत नाही.

सोलरमध्ये मात्र नेमका दरच पाडला जातो. पाइल (जमिनीत रोवायचे खांब) ठोका, स्ट्रक्चर उभं करा, मॉड्यूल म्हणजे पॅनेल कसा, केबल ओढा. पोरं पंधरवड्यात शिकतात. शेजारच्या ठेकेदाराचीही शिकतात. पॅनेल बहुतेक वेळा डेव्हलपरच देतो, आपल्या वाट्याला मजुरीचा दर. 1 मेगावॉटला साधारण 4 एकर जमीन लागते. ती मिळालेली असते. घोडं अडतं सबस्टेशनपर्यंतच्या लाइनवर. आमच्या एका साइटला पॅनेल लागून तयार होते आणि 11 केव्हीचे खांब एका बांधावर दोन महिने अडले. बिलही तिथंच अडलं.

म्हणजे थर्मलच (कोळशाच्या वीजकेंद्राचंच काम) बरं? थांबा. 30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गिगावॉटवर गेली. 2025 मध्ये स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-कोळसा, बिगर-गॅस स्रोतांचा झाला. तरी प्रत्यक्ष विजेतला मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. दुपारी सोलरची वीज मुबलक, सूर्य मावळला की शून्य. म्हणून कोळशाची युनिटं दुपारी लोड (वीजनिर्मिती) उतरवतात आणि संध्याकाळी चढवतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांत तर टप्प्याटप्प्यानं 40 टक्के लोडपर्यंत खाली यायचं आहे. ही यंत्रं बांधली होती सतत भरलोडवर चालायला. रोजच्या तापण्या-निवण्यानं धातू थकतो, ट्यूबा जास्त फुटतात. सोलर जितकं वाढेल तितकी जुन्या बॉयलरची दुरुस्ती वाढेल, हे सोलरवाला तुम्हाला सांगणार नाही.

पण सगळ्याच युनिटांना तेवढं आयुष्य नाही. चंद्रपूरच्या 2920 मेगावॉटच्या केंद्रातली 210 मेगावॉटची दोन युनिटं ऐंशीच्या दशकातली आहेत. तुमचं सगळं पोट अशाच एखाद्या जुन्या युनिटावर असेल, तर आत्ताच हालचाल करा.

हाताशी पास वेल्डर असतील तर मी शटडाऊन सोडणार नाही. विद्युत ठेकेदाराचा परवाना असेल, तर सोलरमध्ये जरूर जा, पण पॅनेल बसवायला नको. लाइन, ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशनमधला बे (लाइन जोडायचा कप्पा) घ्या. शेतीच्या फीडरसाठी (शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाइनसाठी) जागोजागी छोटे प्रकल्प उभे राहताहेत, तिथं हे काम करणारे कमी पडतात. फक्त दर भरण्याआधी साइटपासून सबस्टेशनपर्यंत पायी जा आणि वाटेत किती बांध लागतात ते मोजा.