जावातल्या शेतकऱ्याच्या घरी राहिलो: बोरोबुदूरजवळच्या होमस्टेचा रिव्ह्यू

इंडोनेशिया म्हटलं की गोव्यातली माणसं बाली गाठतात. बीच बघायला गोव्याच्या माणसाने एवढा खर्च करावा असं मला काही वाटत नाही, म्हणून आम्ही जावा धरलं, आणि जावातही शहर सोडून मागेलांग जिल्ह्यात बोरोबुदूर या जुन्या बौद्ध देवळाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो. मी, बायको आणि माझी आई. आई गोव्यातल्या पेडण्याची, सगळा जन्म शेतात गेलेली, तिचं म्हणणं होतं की भात बघायला विमानाने कशाला जायचं, आणि आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या घराबद्दल सांगते ती तीच.

ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी: जिवंत शेती बघायची असेल तर डोळे झाकून जा, हॉटेलसारखी सोय पाहिजे असेल तर जाऊ नका. बाकीच्यांनी पुढे वाचा.

योग्यकार्ताचं नवं विमानतळ शहरापासून लांब, कुलोन प्रोगोला समुद्राच्या काठावर आहे, तिथून टॅक्सीने दीड-दोन तास लागतात. हे विमानतळ 2019 मध्ये सुरू झालं, आणि तिथे आधी मिरची-कलिंगडांची शेती होती, जमीन द्यायला शेतकऱ्यांचा बरीच वर्षं विरोध होता. आपलं मोपा विमानतळ जवळून बघितलेल्यांना यातलं काही वेगळं सांगायला नको. व्हिसा भारतीयांना उतरल्यावर मिळतो, 5 लाख रुपिया, 30 दिवसांचा, ऑनलाइनही काढता येतो. आकड्यांना घाबरू नका, आपला एक रुपया म्हणजे तिकडचे साधारण एकशे ऐंशी-नव्वद.

बोरोबुदूरच्या आजूबाजूला होमस्टेची बरीच गावं आहेत, चान्दिरेजो हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, आम्ही होतो ते त्याच्यापेक्षा लहान आणि शांत. बुकिंग एका घराकडे होत नाही, गावाची सहकारी संस्था आहे तिच्याकडे होतं आणि संस्था पाहुण्यांना पाळीपाळीने घरं देते. मला ही पद्धत फार म्हणजे फारच आवडली, कारण आपल्याकडे ज्याच्याकडे पैसा तो दहा खोल्या बांधतो आणि शेजारचा त्याच्याकडे साफसफाईला जातो, तिथे मात्र प्रत्येक घरात एक-दोनच खोल्या आणि पैसे सगळ्या गावात फिरतात. आम्हाला खोलीला रात्रीचे अडीच लाख रुपिया पडले, नाश्ता धरून, म्हणजे साधारण तेराशे-चौदाशे रुपये.

घर जुनं, कौलारू, सागवानाच्या खांबांचं. समोर मोठा उघडा मंडप, त्याला पेन्दोपो म्हणतात, दिवसभर सगळं तिथेच चालतं, धान्य वाळवणं, पाहुणे, मुलांचा अभ्यास. मागच्या भिंती काही ठिकाणी विणलेल्या बांबूच्या, आत कायम गारवा. या जुन्या घरांना, खासकरून जोग्लो म्हणतात त्या उंच छपराच्या घरांना, बाहेर फार मागणी आहे, खिळे न ठोकता खाचांत बसवलेली असल्यामुळे सुटी करून ट्रकवर घालतात आणि बालीला व्हिला म्हणून पुन्हा उभी करतात. आमच्या पाकनी (यजमानांना सगळे पाक म्हणतात, बाईंना बू, आजीला म्बाह, आम्हीही तसंच म्हणायचो) मोबाईलवर भाषांतर करून सांगितलं की त्यांच्याकडेही दलाल येऊन गेलेत. आमच्याकडे जुन्या घरांचे दरवाजे-खिडक्या कशा भंगाराच्या दुकानातून अँटिकच्या दुकानात जातात ते आठवलं. पाकनी दिलं नाही. आजी जिवंत आहे तोवर नाही, म्हणाले.

आता शेती, कारण जायचं ते याच्यासाठी. तिथे पाणी बारमाही असल्यामुळे वर्षाला दोन, कुठे तीन पिकं निघतात, आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे एका शेतात तरवा, शेजारी हिरवंगार, त्याच्या पलीकडे कापणी, सगळं एकाच वेळी दिसतं. मेरावरून चालताना ज्या कुणाला आपली पडीक शेतं बघून वाईट वाटतं त्याला कसं वाटेल ते मी सांगायला नको. मी एकही पडीक चौकोन बघितला नाही. कापणी झालेल्या शेतात दुसऱ्याच दिवशी बदकांचा कळप सोडलेला, सांडलेले दाणे आणि गोगलगायी खाऊन टाकतात, खत घालतात, आणि मालकाला अंडी. पाणी कुणाला कधी सोडायचं हे बघायला गावाचा ठरलेला माणूस असतो. आपल्याकडे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, मानशी (पाणी सोडायची दारं) सांभाळणारा माणूस असायचा आणि बांधांसाठी शेतकऱ्यांची बौस, म्हणजे संघटना असायची, त्याच प्रकारातलं, फक्त तिथे ते अजून चालू आहे.

लावणीला आईला बोलावलं. संस्थेच्या यादीत लावणीचा अनुभव म्हणून पैसे घेऊन एक कार्यक्रम आहे, पाहुणे चिखलात उतरतात, फोटो काढतात, अर्ध्या तासात बाहेर. आई उतरली ती बाहेरच येईना. तिथल्या बायका दोन ओळी लावून मधे एक ओळ मोकळी सोडतात, हवा आणि ऊन खेळतं आणि खत घालायला वाट राहते, आईने हे असं कधी केलेलं नव्हतं, पण दोनच मिनिटांत हात बसला आणि ती त्यांच्याबरोबर मागे मागे सरकत निघाली. बायका आधी हसल्या, मग त्यांनी तिला रांगेत घेतलंच. भाषा काही नव्हती, गरजही पडली नाही.

आजीबद्दल थोडं जास्त लिहितो. ऐंशीच्या पुढची, दात नाहीत, नजर एकदम तल्लख. तिने भिंतीवरून एक वस्तू काढून आईच्या हातात दिली, तळहाताएवढी लाकडी फळी, तिला एका कडेने पातं बसवलेलं आणि आडवी बांबूची काडी. हिला आनी-आनी म्हणतात. बोटांच्या मधे लपवून धरायची आणि एकेक लोंबी देठाशी खुडायची, कोयता मारायचा नाही, कारण भाताची देवी देवी श्री पातं बघून घाबरेल. गावात सगळे मुसलमान, पाच वेळा नमाज, आणि तरी कापणीच्या आधी शेताच्या कोपऱ्यात देवी श्रीला भात, अंडं, कोंबडी ठेवण्याचा विधी काही घरं करतात. आईने आपलं नव्याचं सांगितलं, पहिली कणसं आणून देवाला दाखवायची आणि दाराला बांधायची. 1970 च्या दशकात बुटक्या, जास्त उत्पन्नाच्या जाती आल्या, सगळं शेत एकदम पिकायला लागलं आणि आनी-आनी जाऊन कोयता आला, लोंब्या खुडायला जाणाऱ्या बायकांची मजुरी गेली. आमच्याकडे जया आणि ज्योती या भाताच्या नव्या जाती आल्यावर उंच वाढणारी जुनी भातं कशी बाजूला पडली ते आई सांगत होती, आजी मान हलवत होती, मधे बू मोबाईल धरून बसलेली. त्या नव्या जातींबरोबर औषधं आली, तपकिरी तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं करपवली, आणि शेवटी 1986 मध्ये सुहार्तो सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पाक तेव्हा तरुण होते, त्यांना ते चांगलं आठवतं.

परसातले माड बघून तर आम्ही घरीच आलोय असं वाटलं. पलीकडच्या वाडीत एक रेंदेर (माडाचा रस काढणारा) आहे, सकाळ-संध्याकाळ चढतो, पण सूर, म्हणजे तो रस, प्यायला किंवा फेणीला नाही, सगळा गुळाला. भांड्यात आधीच थोडा चुना घातलेला असतो म्हणजे सूर आंबत नाही. त्याची बायको तो मोठ्या कढईत लाकडाच्या चुलीवर तीन-चार तास आटवते, फेस वर आला की जरासं खोबरं टाकते, लगेच खाली बसतो, आणि दाट झाला की करवंट्यांत ओतते. गरम गूळ करवंटीतून खरवडून दिला, धुराचा वास असलेला, त्याच्यासमोर बाजारातला माडाचा गूळ म्हणजे काहीच नाही. आमच्या रेंदेरांची मुलं झाडावर चढायला तयार नाहीत, तिथेही तीच तक्रार, पडून हातपाय मोडतात आणि भाव मिळत नाही.

जेवण घरचंच. उकड्या तांदळाची सवय असणाऱ्यांना तो पांढरा भात हलका वाटेल, पण ताजा, शेजारच्या शेतातला. नारळाच्या दुधातली भाजी, लसूण-धणे लावून तळलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), पापड्या, सांबाल म्हणजे मिरचीची चटणी. प्रोगो नदीतला बेओंग नावाचा मासा मिळतो, त्याचं झणझणीत नारळाच्या रसातलं मांगुट करतात, ते चुकवू नका, आईने रेसिपी विचारून घेतली. शाकाहारी लोकांचं तेंपे-टोफूवर छान भागतं, फक्त सांबालमध्ये सुकी कोळंबी कुटून घातलेली असते, आधी सांगून ठेवा. बाकी सगळ्यात साखर. चहात, भाजीत, कधीकधी अंड्यातसुद्धा. मधुमेह असेल तर रोज सांगावं लागेल.

जमिनीबद्दल मी मुद्दाम खोदून विचारलं. पाकांची स्वतःची शेती आपल्या हिशोबाने दीड हजार चौरस मीटरसुद्धा नाही, जावातली बहुतेक शेतकरी घरं अर्ध्या हेक्टरच्या आतलीच. बाकी ते दुसऱ्याची जमीन अर्ध्या वाट्याने करतात, खत-बियाणं कुणाचं त्यावर वाटा कमी-जास्त होतो. गावाच्या मालकीची जमीन वेगळी असते, तिच्यातला काही भाग गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला देतात. आणि मुख्य म्हणजे तिथे परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळतच नाही, 1960 च्या कायद्यापासून, भाडेपट्टा किंवा मर्यादित मुदतीचा वापराचा हक्क एवढंच. शिवाय 2009 मध्ये शेतजमीन राखायचा वेगळा कायदा आला. तरीही रस्त्याकडेच्या शेतात भराव घालून कॅफे उभे राहतायत, मी स्वतः बघितले, म्हणजे कायदा असला म्हणून सगळं वाचतं असं नाही. आपल्याकडे 1976 ला कुळांना जमिनी मिळाल्या, 2023 मध्ये भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकायला बंदी आली, आणि तरी मांद्र्या-मोरजीत काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. माझं स्पष्ट मत असं की तिथलं शेत वाचलंय ते कायद्यापेक्षा दोन-तीन पिकांमुळे, जमीन घरातल्या माणसांना रोज जेवायला घालते म्हणून विकायला हात धजत नाही.

बघायच्या जागा. बोरोबुदूर अर्थातच, नवव्या शतकातलं, वर चढायला रोजची संख्या ठरलेली, ऑनलाइन आधीच तिकीट काढा, परदेशी माणसाला साडेचार लाख रुपियाच्या आसपास. चढायला खास विणलेल्या चपला देतात, दगड झिजू नये म्हणून, आणि त्या आजूबाजूच्या गावांतच बनतात. खालच्या शिल्पांत नांगर धरलेला शेतकरी शोधा, गाइडला सांगा, दाखवतो. सूर्योदयाला पुन्थुक सेतुम्बू टेकडी, धुक्यात देऊळ आणि मागे मेरापी ज्वालामुखी, गर्दी असते पण जा. क्लिपोहला मडकी करणाऱ्या बायका बघायला घोडागाडीतून जाता येतं. मेरापी 2010 मध्ये फुटला तेव्हा साडेतीनशेच्या वर माणसं गेली आणि बोरोबुदूर राखेने भरलं होतं, गावकऱ्यांनी राख काढायला हात लावला होता, आणि पाक म्हणतात त्याच डोंगराच्या राखेवर आमचं भात पिकतं. शेतात फोटोसाठी पंख आणि झोके लावलेली ठिकाणं पण आहेत, मला तिथे पैसे घालावेसे वाटले नाहीत.

तक्रारी आहेत. गादी पातळ, आईची कंबर धरली, दुसऱ्या दिवशी बूने आणखी एक आणून घातली. आंघोळीला टाकीतलं गार पाणी आणि तांब्या, गरम पाणी सांगितलं तर चुलीवर तापवून देतात. पहाटे साडेचारच्या आधी मशिदीचा लाऊडस्पीकर, मागोमाग कोंबडे, झोप हलकी असेल तर कठीण. पुरुषमंडळी लवंग घातलेल्या सिगरेटी सतत ओढतात, घरातसुद्धा, आणि त्यांना काही म्हणायचं म्हणजे अवघड. सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी परसात प्लास्टिकसकट कचरा जाळतात, तो वास शेताच्या वासात मिसळतो, संस्थेने यावर खरंच काहीतरी करायला हवं, मी त्यांच्या वहीत तसं लिहून आलोय. वायफाय आहे म्हणतात, पेन्दोपोच्या एका खांबाजवळ मिळतं.

जाण्यासाठी आपली मे महिन्याची सुट्टी बरोबर बसते, तेव्हा तिकडे कोरडा हंगाम सुरू झालेला असतो आणि पाणी असल्यामुळे शेतं हिरवीच. दिवाळीत गेलात तर पाऊस सुरू झालेला असतो, चिखल मिळेल, छत्री न्या. फक्त रमजान ईदच्या आठवड्यात जाऊ नका, शहरात गेलेली सगळी मुलंबाळं तेव्हा गावी येतात, रस्ते तुंबतात आणि घरात खोली मिळत नाही. रोख पैसे योग्यकार्तातच काढून ठेवा, बाईंसाठी काही न्यायचं असेल तर काजू न्या, आमचे दोन दिवसांत संपले.