हॉकीत दणकट पोराला ड्रॅग फ्लिकर करायचं की मधल्या फळीत खेळवायचं?

वय 14, उंची वर्गात सगळ्यात जास्त, मनगटात जोर, आणि एकदा सुटला की कुणाच्या हाती लागत नाही. असा मुलगा टर्फवर आला की लगेच कुणीतरी म्हणतं, "याला पेनल्टी कॉर्नरवर घ्या." म्हणजे समोरच्या संघाच्या चुकीमुळे गोलजवळ मिळालेल्या संधीत याने बॉल स्टिकवर ओढत नेऊन गोलमध्ये भिरकवायचा, ड्रॅग फ्लिक मारायचा. मग आई-बाबा मला विचारतात, घेऊ द्यायचं का?

घेण्यात फायदा नक्की आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली भारताने 15 गोल केले, त्यातले 10 एकट्या हरमनप्रीत सिंगचे, सगळे पेनल्टी कॉर्नर नाहीतर पेनल्टी स्ट्रोकवर (समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका). निवड चाचणीतही जोरदार फ्लिक चटकन डोळ्यात भरतो. पण हाच हरमनप्रीत फुलबॅकही, म्हणजे शेवटच्या बचाव फळीत खेळतो, लांब स्कूप (हवेतून उचलून दिलेला पास) टाकतो, मागून खेळ बांधतो. फक्त फ्लिकसाठी कुणी त्याला संघात ठेवलेलं नाही. दुसरं म्हणजे कंबर. फ्लिक मारताना खेळाडू खोल वाकतो आणि त्याच वेळी कमरेतून पिळला जातो. हाडं अजून वाढत असलेल्या मुलाकडून रोज शंभर-शंभर फ्लिक मारून घेणं मला पटत नाही.

मधल्या फळीत घातलं तर सुरुवातीला सगळ्यांनाच त्रास. आघाडीला खेळताना तो बॉल समोर ढकलून पळत सुटायचा; समवयस्क मुलं मागे राहायची. हाफला, म्हणजे मधल्या फळीत, बॉल चारही बाजूंनी येतो. समोरचा जाणता असेल तर टॅकलची घाई करत नाही, नुसता बाजूच्या रेषेकडे रेटत नेतो. तिथे मुलाला रिव्हर्सवर, म्हणजे स्टिक उलटी करून डाव्या बाजूला, बॉल घ्यावा लागतो आणि पाय कितीही वेगवान असले तरी हात अडतात. माझ्याकडच्या एका मुलाचे पहिले तीन महिने असेच गेले. मी एकच गोष्ट मोजायचो: बॉल यायच्या आधी त्याने खांद्यावरून मागे पाहिलं का? आधी कधीच नाही, मग अधूनमधून, मग दरवेळी. त्यानंतर पास आपोआप सुधारले. या काळात संघ सामने हरतो, घरचे नाराज होतात. ती किंमत मोजावीच लागते.

मिळतं काय, ते पॅरिसलाच ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात दिसलं. 17व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना दहा जणांनी काढला. मधल्या फळीतला मनप्रीत सिंग मागे येऊन बचावाला उभा राहिला. 1-1 बरोबरी, मग शूटआउटमध्ये 4-2. दुसऱ्याची जागा अंगवळणी पडलेला माणूस संघात होता, म्हणून हे जमलं.

मोठ्या गटात खेळवायचं का? सराव मोठ्यांबरोबर, सामने आपल्याच वयोगटात. सगळेच सामने मोठ्यांत खेळवले तर तो बॉल मागायचंच सोडून देतो, हे मी पाहिलंय.

म्हणून माझं मत: सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत हाफ. आठवड्यातून दोन दिवस थोडे फ्लिक, तेही कंबर दुखत नसेल तरच. राज्याची चाचणी दोन महिन्यांवर आली असेल तर मात्र आता जागा बदलू नका, त्यानंतर बदला.

आणि ठरवण्याआधी प्रशिक्षकांना सांगून एका सराव सामन्यात त्याला वीस मिनिटं लेफ्ट हाफला उभं करा. बॉल त्याच्याकडे नसताना तो कुठे जातो, तेवढंच बघा.