हायडेलबर्गचा उन्हाळी जर्मन कोर्स: ठाण्यात परतून काही महिने झाल्यावरचा अनुभव

ऑगस्ट २०२५ मध्ये मी जर्मनीत हायडेलबर्गला उन्हाळी भाषा-कोर्सला गेले होते आणि गणपतीच्या तोंडावर ठाण्याला परतले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून थांबले. आता बी-२ ची (जर्मनच्या वरच्या-मध्यम पातळीची) परीक्षा देऊन झाली आहे, खोलीच्या डिपॉझिटचे पैसे आले आहेत, आणि तिथलं काय टिकलं, काय विरून गेलं ते नीट कळतंय. जाण्याआधी मी मराठीत असं काही शोधत होते, पण फिरण्याचे व्हिडिओ सोडून फारसं मिळालं नाही.

माझं मत आधीच सांगते. असा कोर्स त्याच्या शेवटच्या आठवड्यावरून जोखावा. पहिला आठवडा सगळीकडेच छान जातो. नवं गाव, नवी माणसं, नदीकाठची संध्याकाळ, कोणालाही आवडेल. शेवटच्या आठवड्यात मात्र आपल्याला खरंच बोलता यायला लागलंय का ते उघड होतं. आणि नेमका हाच आठवडा बहुतेक जण पॅरिस नाहीतर स्वित्झर्लंडला जाण्यात घालवतात. आमच्या वर्गातले निम्मे गेले. मी गेले नाही, आणि आज त्याचं मला फार समाधान वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी नौपाड्यात राहते. शाळेपासून मराठी माध्यम, जर्मन पदवीच्या वर्षांत शिकायला घेतलं, इथेच बी-१ पर्यंत, म्हणजे बी-२ च्या आधीच्या पातळीपर्यंत आले. पदवीचा निकाल लागला होता आणि पुढच्या प्रवेशाआधी हातात मोकळे महिने होते, म्हणून जाता आलं. ज्यांचं कॉलेज चालू आहे त्यांनी याचा आधीच विचार करावा. तिकडची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आपलं ऐन सत्र. मुंबई विद्यापीठाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि ऑगस्ट अख्खा बुडाला तर ती गाठताना दमछाक होते. फी, खोली, विमान, व्हिसा, विमा, खाणंपिणं असं सगळं मिळून अडीच लाखांच्या आसपास गेले. माझ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. आई-बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही, पण म्हणूनच मला ती वसूल झाली की नाही हे स्वतःशी तरी प्रामाणिकपणे बघायचं होतं.

गावाबद्दल फार लिहीत नाही. किल्ला, जुना पूल, नेकार नदी, पलीकडच्या डोंगरावरची तत्त्वज्ञांची वाट, हे सगळं जसं दाखवतात तसंच सुंदर आहे. विद्यापीठ १३८६ सालचं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. एक गोष्ट मात्र मराठी माणसाने चुकवू नये. तिथे १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे. खंडोबा आणि धनगर यांच्यावर आयुष्यभर काम केलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर याच संस्थेत शिकवत. मी शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्या इमारतीत जाऊन आले. जेजुरीचा खंडोबा नेकारच्या काठावर इतक्या जिव्हाळ्याने अभ्यासला गेलाय, हे तिथे उभं राहिल्यावर जास्तच जाणवतं.

आता शेवटचा आठवडा. त्यात लेखी परीक्षा होती, आणि प्रत्येकाला दहा मिनिटं आपल्या गावाबद्दल बोलायचं होतं. मी ठाण्याची रेल्वे घेतली. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० प्रवासी, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. शेजारी जर्मनीची पहिली गाडी ठेवली: न्यूरेंबर्ग ते फ्यूर्त, ७ डिसेंबर १८३५, जेमतेम ६ किलोमीटर. त्यांचं ‘आडलर’ इंजिनही इंग्लंडहून, स्टीफन्सन यांच्या कारखान्यातून आणलेलं, आणि ते चालवणारा ड्रायव्हरसुद्धा इंग्रज. दोन्ही गाड्यांमध्ये अठरा वर्षांचंही अंतर नाही. हे ऐकून वर्गात जी कुजबुज झाली ती मला फार आवडली. आपल्याकडची रेल्वे इतकी जुनी असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

तयारी केलेला भाग बरा गेला. खरी परीक्षा नंतरच्या प्रश्नांत होती. पोलंडच्या एकाने विचारलं, आधी ठाणंच का, सरळ पुण्याला का नाही नेली? हे मी लिहून आणलेलं नव्हतं. कल्याणपर्यंत रूळ १८५४ मध्ये गेले, पण पुढे सह्याद्री आडवा, आणि बोरघाटातून गाडी चढायला १८६३ उजाडलं. एवढं सांगताना मला घाम फुटला, पण सांगितलं. मी प्रत्येक वाक्यात ‘इंग्रजांनी बांधली’ म्हणत होते. बाईंनी थांबवून जर्मनमधला कर्मणी प्रयोग करायला लावला: रेल्वे बांधली गेली. मी म्हटलं, पण मग बांधणारे हजारो मजूर दिसतच नाहीत, घाटात कितीतरी जण मेले. त्यावर त्यांनी फळ्यावर तेच वाक्य पुन्हा लिहिलं आणि शेवटी ‘हजारो मजुरांकडून’ हे शब्द जोडून दाखवले. म्हणाल्या, तुला जे म्हणायचंय त्यासाठी व्याकरणात जागा आहे, फक्त ती शोध. कर्मणी प्रयोग मी ठाण्यात तीनदा शिकले असेन. डोक्यात बसला तो त्या दिवशी.

हे पहिल्या आठवड्यात घडलंच नसतं. तेव्हा आम्ही सगळे अडलं की इंग्रजीकडे पळायचो. शेवटी शेवटी ते थांबलं, आणि त्याचं कारण वर्गापेक्षा हॉस्टेलचं स्वयंपाकघर जास्त होतं. माझ्या मजल्यावर ओसाकाची एक मुलगी होती, तिचं इंग्रजी कच्चं. आणि बार्सेलोनाजवळचा एक मुलगा. आम्हा तिघांना जोडणारी भाषा म्हणजे जर्मनच. १६ ऑगस्टला आपल्याकडे दहीहंडी होती. ठाण्यात वर्तकनगरला कोकण नगरच्या पथकाने दहा थर लावले, तो व्हिडिओ दादाने पाठवला. मी तो स्वयंपाकघरात लावला आणि तो मुलगा खुर्चीवरून उठलाच. त्यांच्याकडे कॅटलोनियात असेच मानवी मनोरे लावतात, दहा थरांपर्यंत, आणि सगळ्यात वर चढतं ते लहान मूल. युनेस्कोच्या यादीत २०१० पासून आहेत म्हणाला. मग खालच्या थराला पाठ कशी बांधतात, वरचा हलला तर कोण कसं सावरतं, पडल्यावर झेलायचं कसं, असं रात्री बारापर्यंत चाललं. दोघांचेही हात हवेत, शब्द अडले की भांडी एकावर एक रचून. ओसाकावाली मधे मधे आमची क्रियापदं दुरुस्त करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत गेले तर वाक्य मनात न जुळवता तोंडातून गेलं. मला वाटतं माझी फी त्या रात्री वसूल झाली.

शेवटच्या दिवसांतली कामं मात्र कोणी नीट सांगत नाही, म्हणून ती सविस्तर लिहिते.

डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर स्थानिक गाड्या-बसना चालणारा मासिक पास, काढलं असेल (२०२५ मध्ये ५८ युरो महिना) तर ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. कोर्स महिनाअखेरीस संपणार असतो, त्यामुळे १० तारीख कोणाच्या लक्षातच राहत नाही. पोहोचल्या दिवशीच फोनवर आठवण लावून ठेवा.

खोली सोडणं हा वेगळाच सोहळा असतो. आपल्याकडे चावी दिली की झालं. तिथे माणूस येतो आणि कागदावर एकेक गोष्ट तपासतो. आमच्याकडे आला त्याने ओव्हनचं दार उघडून आतल्या कडेवरून बोट फिरवलं, मग किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं. तिथल्या पाण्याने किटलीत पांढरा थर धरतो, तो घासून निघत नाही. दुकानात तीव्र व्हिनेगरची बाटली मिळते, ते पाण्यात मिसळून उकळायचं आणि तासभर ठेवायचं. हे मला मजल्यावरच्या साफसफाईच्या मावशींनी सांगितलं, आणि किटली अगदी नवी दिसायला लागली. कचरा चार-पाच प्रकारांत वेगळा करायचा. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या टाकायच्या, आणि त्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या मजल्यावरच्या बाटल्या गोळा करून सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकल्या, तर आमच्या निरोपाच्या जेवणाचं सामान त्यातून आलं.

डिपॉझिटबद्दल मी नाराज आहे आणि ते स्पष्ट लिहिते. संस्थेचं नाव देत नाही. पैसे परत मागण्याच्या अर्जात बँक खात्यासाठी एकच रकाना होता, आयबीएएनचा, म्हणजे युरोपात वापरतात त्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचा. भारतात आयबीएएन नसतोच. आपल्याला खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड द्यावा लागतो. अर्ज तो घेईना, ईमेलला उत्तर येईना, आणि मग टेबलावरच्या ओरखड्याचे पैसे कापू असं कळवलं. तो ओरखडा मी राहायला आले तेव्हापासूनचा होता. माझ्याकडे पहिल्या दिवशी काढलेले फोटो होते आणि खोली सोडतानाच्या कागदावर त्या माणसाची सही होती, म्हणून वाचले. पैसे शेवटी नोव्हेंबरात आले, वर बँकेचे चार्जेस कापून. परदेशी विद्यार्थ्यांकडून आगाऊ पैसे घेणाऱ्यांना ते परत कसे द्यायचे याची सोय करता येत नाही, हे मला पटत नाही. तुम्ही जाल तेव्हा निघण्याआधी, समोर बसून, त्याच कागदावर स्विफ्ट कोड लिहून घ्या.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर करपरतीचं काम लवकर होत नाही, वेळ राखून ठेवा. बाबांसाठी बिर्केनस्टॉकच्या चपला घेतल्या होत्या. एका बिलात ५० युरोच्या वर खरेदी असेल तर कर परत मागता येतो, पण वस्तू न वापरलेली हवी आणि कस्टम्सला दाखवावी लागते. ती मोठ्या बॅगेत असेल तर चेक-इनच्या काउंटरवर तसं सांगून, टॅग लावलेली बॅग परत घेऊन कस्टम्सला जायचं. उरलेली नाणी तिथेच खर्च करा, कारण इथले मनीचेंजर नोटाच घेतात.

आता, टिकलं काय? कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करण्यापुरतं आहे, असं मी कोणाला म्हणणार नाही, पण त्याच्या जिवावर जर्मन विद्यापीठात प्रवेश मिळत नाही. तिथे जर्मनमधून शिकायचं तर टेस्टडाफ, डीएसएच यांसारखी भाषेची मान्य परीक्षाच लागते. माझ्यासाठी त्या कागदाचा उपयोग तासांच्या आणि श्रेयांकांच्या नोंदीपुरता झाला. युरोपातला एक ईसीटीएस श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. तुमच्या कॉलेजला हे दाखवायचं असेल तर अभ्यासक्रमाचा तपशील सही-शिक्क्यासह तिथेच मागून घ्या. आमच्यातले जे आधी निघून गेले, ते त्यासाठी अजून ईमेल करतायत.

शब्द बरेच गेले. बेकरीतल्या पावांची नावं, स्टेशनवरच्या घोषणा, हे दिवाळीपर्यंत पुसट झालं. वाक्यरचना मात्र राहिली, आणि बोलायची भीती गेली ती गेलीच. काळाघोड्याच्या मॅक्सम्युलर भवनला बी-२ दिली. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार वेगळे भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. चारही निघाले. बोलण्यात सगळ्यात जास्त मिळाले, आणि जाण्याआधी माझी नेमकी तीच बाजू लंगडी होती.

ओसाकाच्या मैत्रिणीशी दर रविवारी बोलणं होतं. तिची घड्याळं आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणून माझे पाच वाजतात तेव्हा तिचे साडेआठ. दोघींना दुसरी सोयीची भाषाच नाही, त्यामुळे जर्मन सुटत नाही. ऑनलाइन क्लासच्या पैशांत हे मिळालं नसतं. जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की तुमची इंग्रजी ज्यांच्याशी जुळत नाही अशा माणसांशी मैत्री करा, आणि ती शेवटच्या आठवड्यात पक्की करा.

जावं का? बी-१ झालेलं असेल तर जरूर जा. ए-१ वर, म्हणजे अगदी सुरुवातीला असाल तर तेच पैसे इथल्या चांगल्या क्लासवर घाला. ठाण्यात आता चांगले शिक्षक आहेत, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून शिकणारेही वाढलेत. हायडेलबर्ग त्याच राज्यात येतं. पैशांची अडचण असेल तर डाडची (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) उन्हाळी कोर्ससाठीची शिष्यवृत्ती चालू आहे का ते बघा. असे अर्ज आदल्या वर्षीच भरावे लागत, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याचा विचार यंदाच्या दिवाळीआधी सुरू करा. परतीचं तिकीट कोर्स संपल्याच्या तिसऱ्या दिवशीचं काढा, त्याच दिवशीचं नको. ते जास्तीचे दोन दिवस खोली आवरण्यात, कागद गोळा करण्यात आणि लोकांना भेटण्यात पुरे होतात.