टॅब, संगणक कक्ष की स्मार्ट बोर्ड: शाळेचा निधी कशावर लावावा?

शाळेला सीएसआरचा (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला) किंवा आमदार निधीचा पैसा मिळणार म्हटलं, की शाळा व्यवस्थापन समितीत पहिला प्रश्न निघतो, "किती नग येतील?" समितीतल्या पालकांना माझी विनंती आहे, त्याआधी हे विचारा: आठवड्यात प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र किती मिनिटं येणार?

स्मार्ट बोर्डचं उत्तर सोपं आहे, जवळपास शून्य. शिकवायला तो उत्तम, पण हाताळतात फक्त शिक्षक आणि पुढच्या बाकावरची दोन-तीन मुलं. शिवाय खिडकीसमोर लावला तर नागपूरच्या उन्हात मागच्या बाकांना पडद्यावर नुसती चकाकी दिसते.

संगणक कक्षाचा हिशेब मांडून बघा. १० संगणक, ४० मुलं, ३५ मिनिटांची तासिका. एका संगणकावर चौघं, म्हणजे प्रत्येकाला नऊ मिनिटंही नाहीत. त्यातही ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तो माऊस सोडत नाही, आणि मुली खुर्चीमागे उभ्या राहून बघत असतात. म्हणून नावानिशी पाळी लावल्याशिवाय हा कक्ष न्याय्य होत नाही. मात्र आठवी ते दहावीसाठी मला तो हवाच वाटतो. मराठी टायपिंग कीबोर्डवरच बसतं, बिघाड झाला तर सुटे भाग नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात मिळतात, आणि अंध विद्यार्थ्यासाठी एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट टाकता येतं.

प्रत्येकाला स्वतःचा टॅब ही घोषणा ऐकायला गोड लागते. पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्रं पोचली, पण शिक्षकांची तयारी आणि वर्गातली शिकवण्याची पद्धत फारशी बदलली नव्हती. आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे घरी नेलेला टॅब. घरात एकच फोन असेल, तर तो टॅब कोणाच्या हाती जाईल हे शाळेच्या ताब्यात राहत नाही.

लहान-मध्यम शाळेला मी चौथा मार्ग सुचवीन: २० टॅबचा एक संच, कुलूपबंद चार्जिंग कपाटात, वर्गावर्गात फिरणारा. दोघांत एक टॅब आला की त्याच तासिकेत प्रत्येकाला १७ मिनिटं मिळतात, नऊच्या जवळपास दुप्पट. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. शाळेत नेट रडतं, म्हणून ते आधीच डाउनलोड करून ठेवायचं. मराठी, हिंदी, उर्दू अशी माध्यमं एकाच आवारात असतील तर तिन्ही कीबोर्ड चालू आहेत का ते बघून मगच पैसे द्या. उर्दूचं राहून जातं, आणि मग ती मुलं नुसती चित्रं बघत बसतात.

नागपुरात जपायचं ते बॅटरीला. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि शाळा जूनच्या शेवटी उघडते. तोवर टिनाच्या खोलीत पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या बॅटऱ्या फुगू शकतात. सुट्टी लागताना निम्म्या चार्जवर बंद करा, तळमजल्यावरच्या थंड खोलीत ठेवा, कूलरच्या ओल्या हवेपासून लांब. ही जबाबदारी कोणाची, ते नाव समितीच्या ठरावात लिहून घ्या. दुरुस्तीसाठीही थोडी रक्कम त्याच ठरावात बाजूला काढा. आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास कपाट उघडं राहू द्या, ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी.