युद्धकाळातल्या मुलांचा खोका: लेबलसाठी नक्की घ्या, पोस्टकार्डात मात्र चुकलेत

लेकीला इयर सिक्सला (इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष) दुसऱ्या महायुद्धातलं मुलांचं स्थलांतर आहे, म्हणजे 1939 मधे लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर वगैरे शहरांतली मुलं बॉम्बच्या भीतीने सरकारने खेड्यात पाठवून दिली ते, त्यासाठी हा जुन्या कागदपत्रांच्या रेप्लिकांचा खोका ऑनलाइन मागवला. 15 पौंडाच्या आसपास पडला. आत गळ्यात अडकवायचं लेबल, सामानाची यादी, पोस्टकार्ड, गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा, रेशन बुक, आयडेंटिटी कार्ड, तीन पोस्टर आणि एक माहितीपुस्तिका. महिनाभर वापरून झाल्यावर लिहितेय.

आधी लेबलबद्दलच सांगते कारण खोक्यातली सगळ्यात भारी वस्तू तीच आहे. जाड खाकी कार्ड, भोकाला कडी, खरा सुतळीचा दोरा, पार्सलला बांधतात ना तसंच. लेकीने पेनाने स्वतःचं नाव लिहिलं, शाळेचं नाव लिहिलं, नंबर टाकला, कोटाच्या बटणाला बांधलं आणि मग म्हणाली, आई मी चाललेय कुठे ते कुठे लिहायचं? मी लेबल उलटंपालटं करून बघितलं, तशी जागाच नाही. मला वाटलं छापायचं राहिलं. नाही, राहिलेलं नाही, बरोबर आहे ते. 1 सप्टेंबर 1939 ला, शुक्रवारी, युद्ध जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी मुलं निघाली तेव्हा बहुतेक आईबापांना आपलं पोर कुठल्या गावाला उतरणार हे माहीतच नव्हतं. शाळाच्या शाळा शिक्षकांसकट स्टेशनवर नेल्या आणि जी गाडी लागली तिच्यात बसवल्या. तीनचार दिवसांत साधारण 15 लाख माणसं हलवली, त्यात शाळकरी मुलं 8 लाख 27 हजार, बाकी लहान बाळांच्या आया, गरोदर बायका, शिक्षक. हे आकडे मी आधी वाचले होते, पण लेकीने तो प्रश्न विचारला तेव्हा मला पहिल्यांदा पोटात कालवल्यासारखं झालं.

आणि म्हणूनच पोस्टकार्डाचा मला एवढा राग आलाय. मुलांना बरोबर एक तिकीट लावलेलं पोस्टकार्ड द्यायचे, पोचलास की नवीन पत्ता लिहून घरी टाक म्हणून. म्हणजे घरच्यांना ते कार्ड येईपर्यंत काही पत्ता नाही. सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच! तर या लोकांनी त्यावर आधीच मजकूर छापून टाकलाय, मी मजेत आहे, इथे गाई आहेत, काळजी करू नका असा, तोही गोंडस अक्षरात. अहो कोरं ठेवायचं ना, पोरं लिहितील की स्वतः. शेवटी आम्ही वर पांढरा कागद चिकटवला.

सामानाची यादी छान आहे, मुलांची वेगळी मुलींची वेगळी, बनियन, पायमोजे, रुमाल, टॉवेल, कंगवा, टूथब्रश, ओव्हरकोट, बूट. फक्त ही यादी आताच्या मुलांसमोर ठेवताना सांगा की कितीतरी घरांत यातलं निम्मंही नव्हतं, मुलं पातळ कॅनव्हासच्या बुटांत गेली आणि त्यावरून गावातल्या लोकांनी नाकंही मुरडली. पुस्तिकेत यातलं अक्षर नाही. गावच्या हॉलमधे मुलं उभी करून लोक आपल्याला हवं ते मूल निवडायचे, शेतात कामाला येईल असा धडधाकट मुलगा किंवा घरात हाताशी येईल अशी मुलगी आधी जायची, आणि भावंडं एकत्र राहायचा हट्ट धरून बसली की शेवटपर्यंत तिथेच, हे पण नाही. पैशांचं एका ओळीत आहे आणि ते बरोबर आहे, घरात एक मूल ठेवलं तर आठवड्याला 10 शिलिंग 6 पेन्स, जास्त असली तर प्रत्येकी 8 शिलिंग 6 पेन्स.

आता ठळक चूक. खोक्यावर लिहिलंय सप्टेंबर 1939 ला निघालेल्या मुलाचं सामान, आणि आत रेशन बुक! रेशनिंग सुरू झालं 8 जानेवारी 1940 ला, बेकन, लोणी आणि साखर. आयडेंटिटी कार्डाचं पण तेच, त्यासाठीची नोंदणी झाली 29 सप्टेंबरला, तोवर पोरं गावात पोचून चार आठवडे झाले होते. कागद सुंदर आहेत, पण शिकवायला घेतलेली वस्तू आहे, तारखा तरी बघायला नकोत का?

गॅस मास्कच्या डब्यात मास्क नाही म्हणून कुणीतरी एक स्टार दिलाय, तो अन्याय आहे. मूळ मास्कच्या फिल्टरमधे ॲस्बेस्टॉस असायचं, कुणाच्या माळ्यावर जुना सापडला तर मुलांना अजिबात घालायला देऊ नका. रिकामा डबा देऊन यांनी योग्यच केलं.

पोस्टरमधलं कीप काम अँड कॅरी ऑन (शांत राहा, आपलं काम चालू ठेवा) उगाच घातलंय, ते 1939 मधे छापलं खरं पण लोकांसमोर जवळजवळ लावलंच नाही, प्रसिद्ध झालं ते 2000 नंतर. उरलेल्यांतलं एक मात्र फ्रेम करावं असं आहे. झाडाखाली आई मुलांना घेऊन बसलीय आणि मागून धूसर हिटलर तिच्या कानात सांगतोय, परत घेऊन जा यांना. त्याच्यामागची गोष्ट अशी की सुरुवातीचे काही महिने बॉम्ब पडलेच नाहीत, आयांना राहवेना, आणि जानेवारी 1940 पर्यंत जवळपास निम्मी मुलं घरी परतली होती. लंडनवरचा ब्लिट्झ, म्हणजे जर्मन विमानांचा सततचा बॉम्बहल्ला, सुरू झाला 7 सप्टेंबर 1940 ला, मग पुन्हा पाठवणी. लेक म्हणाली मी पण परत आले असते, आणि खरं सांगायचं तर मी पण आणलं असतं तिला.

पाचपैकी साडेतीन स्टार. पॅकिंग चांगलं, चार दिवसांत आलं. विक्रेत्याला मेल केलाय की पोस्टकार्ड कोरं द्या आणि रेशन बुक काढा नाहीतर त्यावर तारीख तरी टाका, उत्तर आलेलं नाही, आलं की इथे लिहीन. नुसतं लेबल पाच पौंडाला सुटं मिळतं, वर्गासाठी हवं असेल तर तेच तीसेक घ्या.