काटकसर शिकवायला ग्रीस घ्यावा की १९९१?

कर्जात बुडालेलं सरकार काटकसर कशी करतं, हे बी.ए.च्या वर्गाला सांगायचं तर पुस्तकं ग्रीसकडं बोट दाखवतात. परभणीकडच्या कॉलेजात मीही आधी तोच धडा घेत होतो, आता १९९१चा, डॉलर संपत आलेला भारत घेतो. तुम्ही नव्यानं रुजू झाला असाल तर माझा अनुभव जमेला धरा, तुमचा वर्ग वेगळाही असू शकतो.

ग्रीसमध्ये चित्र ठसठशीत आहे, हे मान्य. २०१०चं ११० अब्ज युरोंचं कर्ज, त्यापोटी सरकारी नोकरांच्या तेराव्या-चौदाव्या पगाराला कात्री, पेन्शन कपात, २३ टक्के व्हॅट. २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर. काटकसरीनं अर्थव्यवस्थाच आकसते, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

पण दरवर्षी मागच्या बाकावरून एकच प्रश्न यायचा. "सर, मंग त्यांनी नोटा का नाही छापल्या?" झालं! युरो, फ्रँकफर्टची मध्यवर्ती बँक, स्वतःचं चलन नसणं म्हणजे काय... फळा भरायचा, घंटा व्हायची आणि काटकसर राहूनच जायची. तीन वर्षं हेच झालं. चौथ्या वर्षी मी कंटाळलो.

१९९१ला हाच प्रश्न आला की मला बरं वाटतं. नोटा नाशिकला छापता येतात, डॉलर नाही. एवढ्यावर पोरं गप्प होतात. मग जुलैत गहाण टाकलेलं सुमारे ४७ टन सोनं. गहाण म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. आणि २४ जुलैचा अर्थसंकल्प: खतांचे भाव सरासरी ४० टक्के वाढवले, ओरड झाल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना वगळलं. आमची जमीन तीन भावांची, पण सात-बारा आजोबांच्या एकट्याच्या नावावर. त्यामुळं कागदावर आम्ही मोठे शेतकरी. त्या वर्षी कापसाला खताचा एक हात कमी पडला, असं वडील अजून सांगतात. पुढच्या वर्षी डीएपी-पोटॅश या खतांच्या भावांवरचं नियंत्रण उठलं, युरियावरचं राहिलं, म्हणून तो स्वस्त राहिला. मग लोक नुसता युरियाच टाकत सुटले. अनुदान अर्धवट कापलं की काय होतं, ते वर्गातल्या निम्म्या पोरांनी बांधावर पाहिलेलं असतं.

१९९१चीही खोड आहे. पोरं लगेच उदारीकरणावर घसरतात, लायसन्स राज पाठ म्हणून दाखवतात. शिवाय तो चटका ग्रीसइतका लांबला नाही, त्यामुळं काटकसर म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं दुखणं, असा समज होण्याचा धोका राहतो.

म्हणून ग्रीस मी अगदीच सोडलेला नाही. शेवटच्या तासाला २०१५च्या एटीएमच्या रांगा सांगतो, दिवसाला फक्त ६० युरो काढू देणाऱ्या. तोवर छापखान्याचा प्रश्न मिटलेला असतो.