गादी आत ओढून देणारं मशीन

कमरेतली गादी सरकलेल्या बहुतेक माणसांना ऑपरेशन लागत नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण ‘ऑपरेशनशिवाय, मशीनने गादी आत ओढून देतो’ म्हणणाऱ्या ज्या क्लिनिकने मला गंडवलं, त्याचा सगळा धंदा याच खऱ्या गोष्टीवर चालतो. जे बहुतेकांच्या बाबतीत आपसूक होणारच असतं ते ‘आम्ही करून दाखवतो’ म्हणायचं आणि पैसे आगाऊ घ्यायचे. काम शरीर करतं, बिल क्लिनिक फाडतं.

माझं दुखणं अगदी पुस्तकी होतं. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. खोकलं की कळ, शिंकलं की कळ. उभं राहणं जमायचं, आडवं पडणं जमायचं, बसणं मात्र अशक्य. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फाटून आतला मऊ गर बाहेर आलेला आणि नसेला टेकलेला दिसला. असे बहुतेक सगळे प्रकार कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांमध्येच होतात, त्यामुळे त्यातही माझं वेगळेपण काही नव्हतं.

ज्या हाडांच्या डॉक्टरांना आधी दाखवलं त्यांनी टेबलावर झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला, टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, अंगठा वर ओढायला सांगून त्यावर आपल्या बोटाने दाब दिला. मग म्हणाले, ‘पायातली ताकद शाबूत आहे. सहा आठवडे बघू. गोळ्या घ्या, झोपून राहू नका, झेपेल तेवढं चाला.’ झालं, संपलं. रात्र-रात्र जागून काढलेल्या माणसाला ‘बघू’ हे उत्तर पुरत नाही. डॉक्टरांचं ‘बघू’ आणि आपली आजची रात्र यांच्या मधल्या जागेतच हे लोक दुकान मांडून बसलेले असतात.

त्या क्लिनिकमध्ये मला तपासलंच नाही. पाय उचलला नाही, चालायला लावलं नाही, हात म्हणून लावला नाही. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी फिल्म उजेडावर धरली, लाल स्केचपेनने त्या गादीभोवती गोल काढला आणि टेबलावरचं प्लास्टिकच्या मणक्यांचं मॉडेल पुढे ओढलं. वरून दाबलं की दोन मणक्यांच्या फटीतून लाल रबरी गोळा बाहेर यायचा आणि पिवळ्या नसेला टेकायचा. ते दाबत राहिले. ‘मॅडम, तुम्ही बसता ना, तेव्हा दर वेळी हे असं होतंय. असंच चालू राहिलं तर पाय जाईल.’ मग हात सोडला. गोळा आत गेला. ‘आणि आमचं मशीन हे करतं.’

सगळी विक्री त्या रबरी गोळ्यात आहे. फाटलेल्या गादीतून बाहेर आलेला गर असा ओढून परत जागेवर बसवता येत नाही, आणि बसवायची गरजही नसते. गर बाहेर पडला की शरीर त्याला परका समजतं. तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या पोचतात, रक्तातल्या पेशी येऊन तो हळूहळू खाऊन टाकतात. शिवाय त्यातलं पाणी कमी झाल्यानेही तो आक्रसतो. ऑपरेशन न केलेल्या रुग्णांच्या स्कॅनचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात नुसती फुगलेली गादी आपोआप कमी झाल्याचं १३ टक्के लोकांत आढळलं. गर फाटून बाहेर आला होता त्यांच्यात हेच प्रमाण ७० टक्के होतं आणि गराचा तुकडा सुटून वेगळा पडला होता त्यांच्यात ९६ टक्के. म्हणजे फिल्मवर जितकं भयंकर दिसतं तितकी ते जिरून जायची शक्यता जास्त. मला घाबरवायला काढलेला तो लाल गोल खरं तर बऱ्यापैकी चांगल्या बातमीभोवती होता.

त्यांच्या वेटिंग रूममध्ये एक जाडजूड अल्बम ठेवलेला होता. डावीकडे आधीचा एमआरआय, उजवीकडे नंतरचा. ते फोटो खोटे होते असं मी म्हणणार नाही. खरेच असतील. पण असा अल्बम मशीनशिवायही कुणालाही जमवता येईल, फक्त सहा-आठ महिने थांबायची तयारी हवी.

आता मशीनबद्दल. मधोमध दुभागलेलं, सरकणारं टेबल. बरगड्यांवर एक पट्टा, कंबरेवर दुसरा, गुडघ्यांखाली उशी. खालचा भाग हळूहळू खेचला जातो, थोडा वेळ ताण धरून ठेवतो, सोडतो, पुन्हा खेचतो. स्क्रीनवर हिरवी रेघ वर-खाली होत असते. खरं सांगायचं तर त्यावर बरं वाटतं, मला चक्क डुलकीही लागायची. पण कंबर ताणायचा हा उपाय फार जुना आहे, पूर्वी वजनं लटकवून करायचे, आता मोटर आणि सॉफ्टवेअर आलं. या ताणण्यालाच ट्रॅक्शन म्हणतात. त्यावरच्या चाचण्यांचा, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा २०१३ चा आढावा आहे. त्याचा निष्कर्ष असा, की दुखणं, हालचाल किंवा कामावर परत जाणं यांत ट्रॅक्शनने फरक पडत नाही, पडला तरी अगदी थोडा. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, कंबरदुखीसाठी, मग सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, असो वा नसो, ट्रॅक्शन देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. हे मी क्लिनिकमध्ये पॅकेज समजावणाऱ्या काउन्सेलरबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ते साधं ट्रॅक्शन, मॅडम. हे नासाच्या टेक्नॉलॉजीवर आहे.’

नासाचं नाव ऐकलं की माणूस गप्प बसतो. मीही बसले. त्यामागचा किस्सा असा, की अवकाशात गुरुत्वाकर्षणाचा भार नसल्याने अंतराळवीरांच्या गाद्या फुगतात आणि त्यांची उंची पाचेक सेंटिमीटरपर्यंत वाढते. इथवर खरं आहे. पुढचं सांगत नाहीत: वर असताना त्यातल्या अनेकांची पाठ दुखते, आणि पृथ्वीवर परतल्यावर त्यांच्यात गादी सरकायचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे चौपट असल्याचं नासाच्याच वैद्यकीय नोंदींवरून दिसलं आहे. मणक्यावरचा भार काढल्याने गाद्या ठणठणीत होत असत्या, तर सगळ्यात निरोगी पाठी अंतराळवीरांच्या असायला हव्या होत्या.

दुसरं मोठं नाव एफडीएचं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं यांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेचं. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं. अशी यंत्रं सहसा ज्या वाटेने बाजारात येतात ती वाट वेगळी आहे: आमचं यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या अमुक यंत्रासारखंच आहे, एवढं कंपनीने दाखवलं की विकायची परवानगी मिळते. या यंत्राने गादी बरी होते असं एफडीएने तपासून सांगितलं, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि गंमत बघा, एफडीएला सांगायचं ‘हे जुन्या ट्रॅक्शनसारखंच आहे’, आणि पेशंटला सांगायचं ‘हे ट्रॅक्शन नाहीच’.

फिल्मवाल्या खोलीतून मला लगेच दुसऱ्या खोलीत नेलं. तिथे पाणी, टिश्यूचा डबा आणि तीन पॅकेजं. सिटिंगची संख्या वेगवेगळी, लेझर आणि कमरेचा पट्टा ‘फ्री’, आणि सवलत फक्त आज संध्याकाळपर्यंत. सोबत आलेल्या माझ्या नवऱ्यालाही, ज्याची पाठ आयुष्यात कधी दुखलेली नाही, ‘सर, तुमचाही एक एमआरआय करून घ्या, कपल पॅकेजमध्ये बसवू’ म्हणून सांगितलं. बरं झालं त्याने केला नाही. १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. पाठ न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्क्यांत कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांत बाहेर डोकावलेली. धडधाकट माणसाच्या फिल्मवरही लाल गोल काढायला जागा सापडतेच.

पुढचा भाग मात्र विनोदी नाही. काही आठवड्यांनी कळ खरोखर कमी झाली. ‘बघा, मशीन काम करतंय’ म्हणून माझा व्हिडिओ काढायची तयारी सुरू झाली. त्याच सुमारास डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायला लागली. जिना चढताना चवडा पायरीला अडकायचा. तिथल्या थेरपिस्टला सांगितलं तर तो म्हणाला, ‘नस मोकळी होतेय, असं होतं, चांगलं लक्षण आहे,’ आणि खेच वाढवली. व्यायाम तर त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावला होता: मशीनने बसवलेली गादी हलेल म्हणून.

कळ कमी आणि ताकदही कमी, ही जोडी चांगली नसते. ओळखीतल्या एका फिजिओने मला टाचांवर चालून दाखवायला सांगितलं. डावा पंजा वर राहीना, फट्‌कन खाली आपटत होता. तिने त्याच दिवशी पहिल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पुन्हा बोटाने अंगठा दाबून पाहिला, ताकद उतरली होती, पण पूर्ण गेली नव्हती. ऑपरेशनची चर्चा झाली, दर आठवड्याला तपासणी ठरली, आणि ताकद आणखी घसरली नाही म्हणून ऑपरेशन टळलं. अंगठ्याचा जोर अजून उजव्याइतका नाही.

म्हणून पाठदुखीवर कोणताही उपचार चालू असो, इतकं लक्षात असू द्या: पाऊल उचलेनासं झालं किंवा ताकद कमी होत चालली तर पुढच्या सिटिंगची वाट बघायची नाही. आणि लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे पडायला लागले, तर त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी. तिथे काही तासांचा उशीरही कायमचं नुकसान करू शकतो.

ऑपरेशन म्हणजे राक्षस, हे चित्रही याच लोकांनी रंगवलेलं. तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवर नेदरलंड्समध्ये एक चाचणी झाली, २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी साधे उपचार. वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली, हा फरक. आधी साधे उपचार घेतलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं, हेही तितकंच खरं. म्हणजे थांबणं शहाणपणाचं आहे आणि न थांबणाऱ्याचंही चुकत नाही. एवढं सरळ मला त्या दुसऱ्या खोलीत कुणी सांगितलं असतं तर पॅकेज विकलं गेलं नसतं.

मग विनाऑपरेशन खरं काय असतं? कंटाळवाणं असतं. हिंडत-फिरत राहायचं, कारण अंथरुणाला खिळून राहिल्याने बरं व्हायला मदत होत नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, पोट आणि किडनी सांभाळून, थोडे दिवस. फिजिओने माणूस बघून ठरवलेले व्यायाम. माझ्या फिजिओने न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांच्या पद्धतीने पालथं झोपून कंबर मागे वाकवायचे व्यायाम दिले. त्यात बघायचं एवढंच, की कळ पोटरीतून वर मांडीत, मांडीतून कमरेत सरकतेय का. कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालतं, पायात खाली उतरत गेली तर तो व्यायाम बंद. सगळ्यांना हेच व्यायाम चालत नाहीत. मणक्याजवळचं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना थोड्या काळापुरता आराम देतं, गादी बरी करत नाही. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास लिहिलं जाणारं प्रीगाबालिन २०१७ च्या एका चांगल्या चाचणीत सायटिकाला औषध नसलेल्या रिकाम्या गोळीपेक्षा वरचढ ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, एकदम सोडू नका. यातलं काहीही खात्री देऊन विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात दिसत नाही.

पैशांचं. पॅकेजची रक्कम ‘सोप्या हप्त्यांत’ केली होती. सही करताना तो क्लिनिकचाच फॉर्म वाटतो. प्रत्यक्षात ते एका वेगळ्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लिनिकला पूर्ण रक्कम पहिल्याच आठवड्यात मिळालेली असते. त्यामुळे तुम्ही सिटिंग बंद केल्या तरी हप्ते बंद होत नाहीत, आणि हप्ता थकवला की तुमचीच पत बिघडते. करारात बारीक अक्षरांत ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतात’ आणि ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी होती. ‘नव्वद टक्के गॅरंटी’ कुठेच लिहिलेली नव्हती, ती फक्त तोंडी. कुणी अशी टक्केवारी सांगितली तर त्यांच्या लेटरहेडवर सहीनिशी मागा. खोलीतलं बोलणं पटकन बदलतं.

मी फोनवर भांडणं सोडून सगळं लेखी केलं. तपासणीच्या नोंदींची प्रत मागितली, तर तपासणीच झालेली नसल्याने द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. पाय कमजोर झाल्याचं सांगूनही डॉक्टरांना न दाखवता खेच वाढवली, हे तारखांसकट कळवलं आणि पत्राची प्रत फायनान्स कंपनीलाही पाठवली. मग फोन त्यांच्याकडून यायला लागले. आधी दुसरं पॅकेज निम्म्या दरात देऊ केलं, मग उरलेल्या सिटिंगचे पैसे परत केले. झालेल्या सिटिंगचे नाहीत. आणि ‘फ्री’ दिलेल्या कमरेच्या पट्ट्याची पूर्ण किंमत त्यातून कापून घेतली, वापरलेली वस्तू परत घेत नाही म्हणून.